‘राजीखुशीने गेले होते!’

२०२५ च्या मार्च महिन्यात, १० आणि ११ या दोन तारखांस, भारतीय हवाई दलाच्या विमानांनी थायलंडच्या पश्चिम सीमेवरील मे सोत या गावाहून ५४९ भारतीयांना मायदेशी आणले. पहिल्या दिवशी २८३ आले, दुसऱ्या दिवशी २६६. त्याच वर्षी नोव्हेंबरात पुन्हा खेपा झाल्या. ६ तारखेस २७० आणि १० तारखेस १९७ जण परतले. परदेशी संकटात सापडलेल्या आपल्या माणसांना घेऊन सरकारी विमान उतरते तेव्हा एरवी देशाचा ऊर भरून येतो, हारतुरे निघतात, आयाबायांचे पाणावलेले डोळे छायाचित्रांत दिसतात. या खेपांच्या वेळी तसे फारसे काही झाले नाही. उतरलेल्यांची पोलिसांनी चौकशी केली, वर्तमानपत्रांनी चार ओळींची बातमी दिली (हा दोष आमच्याही पदरी आहेच), आणि शहरातील सुशिक्षित घरांतून जो अभिप्राय आमच्या कानी आला तो थोडक्यात असा होता: राजीखुशीने गेले होते, पैशाची हाव नडली, त्यासाठी सरकारने एवढी धावाधाव करावी असे काय घडले?

आज आम्हांस लिहावयाचे आहे ते या अभिप्रायाविषयीच. माणसांचा व्यापार करणारास पिस्तूल लागते, कुंपण लागते, पहारेकरीही लागतात. पण या सर्वांच्या आधी त्याला लागते ती गिऱ्हाइकाची राजीखुशी. ती त्याने मिळविली की पुढचे काम आपण करतो. पोलीस ठाण्यातला अंमलदार करतो, शेजारीपाजारी करतात, आणि आम्हांस लाज वाटते, पण कित्येकदा घरचेही करतात.

मनुष्यव्यापार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कामाठीपुरा उभा राहतो. गुंगीचे औषध देऊन पळविलेली अजाण मुलगी, तिला विकणारा कोणी क्रूरकर्मा, आणि अखेरीस पोलिसांची धाड, असे हे चित्र चित्रपटांनी आपल्या मनावर ठसविले आहे. ते खोटे नव्हे. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा त्या चित्रातील वास्तवासाठीच झाला, आणि ते वास्तव आजही संपलेले नाही. परंतु हे चित्र मनात इतके घट्ट बसले आहे की त्यात न बसणारा गुलाम आपल्याला गुलाम वाटतच नाही. जो पदवीधर आहे, ज्याला इंग्रजी टंकलेखन येते, ज्याच्या खिशात पासपोर्ट होता आणि जो आईबापांच्या पाया पडून विमानतळावर गेला, तो विकला गेला असे सांगितले तर ऐकणारा हसतो. तो विकला जातो तो मात्र याच गुणांमुळे, हे पुढील हकीकतीवरून दिसेल.

जाहिरात मोबाइलवर येते. डेटा एन्ट्री, डिजिटल विक्री, ग्राहकसेवा अशी कामे, ठिकाण बँकॉक, पगार येथल्या तिपटी-चौपटीने अधिक, विमानाचे भाडे कंपनीचे. उमेदवाराची रीतसर परीक्षा होते, मिनिटाला किती शब्द टंकता येतात ते पाहतात, व्हिडिओवर मुलाखत घेतात. भारताच्या परराष्ट्र खात्याने सप्टेंबर २०२२ मध्येच या नोकऱ्यांबाबत धोक्याचा इशारा दिला होता. पण इशारा खात्याच्या पत्रकात राहतो आणि जाहिरात पोराच्या हातातल्या मोबाइलवर असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीय प्रवाशांना व्हिसाविना प्रवेश खुला केला, तो अर्थात पर्यटकांच्या सोयीसाठी; दलालांचीही त्यामुळे सोय झाली. बँकॉकच्या विमानतळावर मोटार तयार असते. ती शहरातल्या कचेरीकडे न जाता वायव्येकडे वळते आणि सुमारे पाचशे किलोमीटर जाऊन मे सोतला पोचते. गावाच्या कडेने मोई नावाची नदी वाहते. उन्हाळ्यात आपल्या एखाद्या ओढ्याएवढी वाटावी अशी ही नदी रात्री होडीतून ओलांडली की म्यानमार लागतो.

पलीकडे म्यावाडी आणि तिच्या आसपास के.के. पार्क, श्वे कोक्को असल्या नावांच्या वसाहती उभ्या आहेत. हा मुलूख म्यानमारच्या लष्कराशी सोयरीक केलेल्या केरेन सशस्त्र टोळ्यांच्या हाती असल्यामुळे तेथे कोणत्याच सरकारचा कायदा धड चालत नाही. उंच भिंती, वर काटेरी तारा, फाटकाशी बंदूकधारी. उमेदवार आत येताच त्याचा पासपोर्ट काढून घेतला जातो आणि त्याला सांगण्यात येते की तुला आणण्यासाठी आम्ही दलालाला इतके हजार डॉलर मोजले आहेत, ते फेड आणि मग जा.

या जागी आम्ही अंमळ थांबतो, कारण साऱ्या व्यवहाराची कळ येथे आहे. प्रवासाचे भाडे, दलालाची दलाली, खोलीचे भाडे, जेवण हे सर्व त्याच्या नावे मांडले जाते. कामावर पाच मिनिटे उशीर झाला तर दंड, ठरलेला मजल गाठला नाही तर दंड, आजारी पडला तर त्याचाही दंड. महिनाअखेर पगार मिळण्याऐवजी देणे वाढलेले असते. हा हिशेब वाचून आमच्या वाचकांना म्यानमार आठवण्याची गरज नाही. रायगड-ठाण्यातील वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर पावसाळ्यात उचल घेऊन जाणाऱ्या कातकऱ्याला तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याची उचलही हंगामाअखेर फिटत नाही, आणि तोही भट्टीवर राजीखुशीनेच गेलेला असतो. १९७६ साली संसदेने वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा केला तेव्हा असे कर्जच रद्दबातल ठरविले, हे त्या कायद्याचे मर्म होते. दोर कोणता हे त्या वेळच्या कायदेकर्त्यांनी बरोबर ओळखले होते. मोई नदीच्या पलीकडे तोच दोर डॉलरांत वळला आहे, इतकेच.

आता कामाविषयी. दिवसाचे पंधरा-सोळा तास संगणकापुढे बसावयाचे, समोर चार-पाच मोबाइल, प्रत्येकावर निराळे नाव आणि बहुधा एखाद्या सुंदर व सधन तरुणीचे छायाचित्र. काय बोलावयाचे ते लिहून दिलेले असते. अनोळखी माणसाशी ओळख करावयाची, आठवडेच्या आठवडे गोड बोलून विश्वास संपादावयाचा, मग एखाद्या बनावट गुंतवणुकीत त्याला आधी थोडा नफा दाखवावयाचा आणि शेवटी त्याची सारी पुंजी उचलावयाची. या धंद्याला चिनी टोळ्यांनी दिलेल्या नावाचा अर्थ डुक्कर पोसून कापणे असा होतो. जो हे करण्यास नाकारतो किंवा ज्याच्याने ते जमत नाही त्याला मार बसतो, विजेचे झटके दिले जातात, अंधारकोठडीत उपाशी ठेवले जाते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ च्या अहवालात हे नमूद केले आहे. त्याच अहवालाच्या अंदाजाप्रमाणे अशी कामे करावयास लावलेली माणसे म्यानमारमध्ये निदान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख होती. जो कामाचा नाही तो दुसऱ्या वसाहतीला विकला जातो. घरच्यांनी खंडणी भरली तर काही सुटतात. आणि एक मार्ग आणखी आहे: आपल्या जागी आपल्या ओळखीचे दुसरे कोणी आणून द्यावे. त्या मार्गाकडे आम्ही पुन्हा येऊ.

येथवर वाचून कित्येक वाचकांच्या मनात दयेऐवजी संताप उसळेल, आणि तो आम्ही समजू शकतो. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीने भारतीयांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले, असा सरकारने संसदेत दिलेला आकडा आहे. त्यांत आमच्याच वाचकांपैकी कितीतरी निवृत्त शिक्षकांचे, बँकेतील कारकुनांचे, विधवांचे आयुष्यभराचे पैसे आहेत. ज्यांना ‘डिजिटल अटक’ या थोतांडाखाली दिवसचे दिवस मोबाइलसमोर बसवून ठेवले, त्यांना पलीकडून बोलणाऱ्याविषयी कळवळा बाळगा असे सांगण्याचे धाडस आम्ही करणार नाही. हा सगळा पैसा मोई नदीकाठी गेला असेही नव्हे. आपल्या देशातही असे अड्डे आहेत. पण पलीकडच्या आवाजांपैकी काही आवाज विकत घेतलेल्या माणसांचे असतात ही गोष्ट खरी आहे, आणि ज्याने त्यांना विकत घेतले तो मोबाइलवर कधीच येत नाही. लुटलेला आणि लुटावयास लावलेला हे दोघे एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहत राहतात यात त्या तिसऱ्याचीच चांदी आहे.

राजीखुशीचा हा युक्तिवाद नवा नाही. १८३४ पासून ऐंशीहून अधिक वर्षे भारतीय मजूर गिरमिटावर मॉरिशस, फिजी, त्रिनिदाद, गियाना येथील उसाच्या मळ्यांत नेले जात होते. कोकणातून व देशावरून मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव करतात. त्या काळीही एक अरकाटी, म्हणजे मजूर गोळा करणारा दलाल, असे. त्या काळीही पगार फुगवून सांगत आणि अंतर कमी करून सांगत. आणि त्या काळीही मॅजिस्ट्रेटसमोर मजुराला उभे करून ‘तू आपखुशीने जातोस ना?’ असे विचारून अंगठा घेत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी मार्च १९१२ मध्ये वरिष्ठ कायदेमंडळात ही पद्धतच बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हा त्यांनी या अंगठ्यावरच बोट ठेवले. ज्या देशाचे नाव त्याने ऐकलेले नाही तेथे, ज्याला त्याने पाहिलेले नाही अशा मालकाकडे, ज्याच्या अटी त्याला उमगलेल्या नाहीत अशा कराराने माणूस जातो आणि करार मोडला तर तुरुंगात पडतो. याला आपखुशी म्हणावयाचे काय, असा त्यांच्या भाषणाचा रोख होता. सरकारी बहुमताने ठराव फेटाळला. भरती थांबली ती १९१७ साली. गोखले त्यापूर्वीच, १९१५ मध्ये, गेले होते.

गोखल्यांचा मुद्दा पुढे कायद्यात आला, पण अर्धाच. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने माणसांचा अपव्यापार व वेठबिगार यांना मनाई केली. १९८२ मध्ये एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी निर्णय दिला, की भूक आणि दारिद्र्य यांच्या रेट्याने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबणे हीदेखील सक्तीच होय. मनुष्यव्यापारविषयक आंतरराष्ट्रीय करार २००० साली झाला आणि भारताने तो २०११ मध्ये पक्का केला. फसवणूक वा दडपण झाले असेल तर पीडिताच्या संमतीला अर्थ नाही, हे त्यात स्वच्छ लिहिले आहे. भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमातही संमती गैरलागू मानली आहे. मग अडते कोठे?

अडते ते दोन ठिकाणी. १४३ व्या कलमात ‘शोषण’ या शब्दाखाली शारीरिक व लैंगिक शोषण, गुलामी, दास्य, भीक मागावयास लावणे, अवयव काढून घेणे यांचा उल्लेख आहे. जबरीने गुन्हा करावयास लावणे याचा स्पष्ट उल्लेख नाही. चांगला वकील तो दास्याच्या अर्थात बसवू शकेल, परंतु आरोपपत्र लिहिणारा फौजदार वकील नसतो. दुसरी अडचण अधिक बिकट आहे. धमकीखाली केलेल्या कृत्याला माफी देणारे संहितेतील ३२ वे कलम जुन्या दंड संहितेतून जसेच्या तसे आले आहे. ते तत्क्षणी मृत्यू येईल अशी भीती असली तरच लागू होते, आणि ज्याने स्वतःहून त्या परिस्थितीत पाऊल टाकले त्याला ते लागू होत नाही. विजेचा झटका देईन, उपाशी ठेवीन, दुसऱ्याला विकीन, ही धमकी या कलमाच्या हिशेबी पुरेशी नव्हे. आणि ‘स्वतःहून’ हा शब्द म्हणजे पुन्हा तीच राजीखुशी. ब्रिटनने २०१५ च्या कायद्यात, गंभीर अपराध वगळून, गुलामीत करावयास लावलेल्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र बचाव दिला आहे. आपल्याकडे मनुष्यव्यापाराविरुद्धचे सर्वंकष विधेयक २०१८ साली लोकसभेत संमत झाले, राज्यसभेत गेले नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेबरोबर विरून गेले. २०२१ मध्ये नवा मसुदा निघाला, पण तो विधेयक म्हणून संसदेत आला नाही.

तथापि कुंपणाआड गेलेला प्रत्येक जण निष्पाप होता असे आम्ही म्हणत नाही. धंदा कोणता हे ठाऊक असून गेलेलेही आहेत. एकदा सुटून आल्यावर पुन्हा गेलेले आहेत. आणि मघाशी ज्या मार्गाचा उल्लेख केला त्या मार्गाने स्वतःची सुटका करून घेण्यासाठी गावच्या मित्राला, मावसभावाला जाळ्यात ओढणारे आहेत. त्यांतील काहींना पुढे दलालीची चटकच लागते. एकाच माणसाच्या ठायी एक वर्ष बळी आणि दुसऱ्या वर्षी दलाल अशी दोन रूपे असतात तेव्हा न्यायाचे काम कठीण होते, हे खरे. पण ते कठीण आहे म्हणून सोडून देता येत नाही. कोणाच्या हाती पासपोर्ट होता, फाटकाबाहेर जाण्याची मुभा होती की नाही, लुटीतला हिस्सा कोणाच्या खात्यावर आला, किती जणांना त्याने पुढे आणले, या गोष्टींचा पुरावा मिळू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी म्यानमारमधून साठाहून अधिक जणांना सोडविले आणि दलाल म्हणून पाच जणांना अटक केली. म्हणजे मनावर घेतले तर निवड करता येते.

या प्रकरणातील एक विसंगती आम्हांस विशेष बोचते. १९८३ च्या परदेशगमन कायद्याखाली जे मॅट्रिक झालेले नाहीत त्यांना काही ठराविक देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते. त्या निमित्ताने करार तपासला जातो, दलालाची नोंद पाहिली जाते. मॅट्रिक झालेल्याला ही परवानगी लागत नाही. शिकलेला माणूस स्वतःचे हित जाणतो, असे यामागील गृहीत आहे. शिवाय परवानगी लागणाऱ्या अठरा देशांच्या यादीत थायलंड आहे; म्यानमार, कंबोडिया आणि लाओस नाहीत. याचा परिणाम असा, की गवंडीकामाला आखातात जाणाऱ्या निरक्षराच्या मागे निदान एक सरकारी कागद असतो आणि वाणिज्य शाखेचा पदवीधर पर्यटक म्हणून निघतो तेव्हा त्याच्यामागे काहीच नसते. इमिग्रेशन खात्याच्या माहितीप्रमाणे जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात पर्यटक वा अभ्यागत म्हणून कंबोडिया, थायलंड, म्यानमार व व्हिएतनाम येथे गेलेल्यांपैकी २९,४६६ भारतीय तोवर परतलेले नव्हते, आणि त्यांत महाराष्ट्रातले तीन हजारांहून अधिक होते. ते सर्वच कोंडले गेले असा याचा अर्थ नव्हे. पण ते कोठे आहेत हे विचारणारे खाते नाही, एवढा अर्थ नक्कीच आहे.

आम्ही काही वर्षे शाळामास्तरकी केली आहे. नववी-दहावीच्या मुलांकडून ‘नोकरीसाठी अर्ज’ हा निबंध दरवर्षी घोटून घेत असू. डाव्या कोपऱ्यात काय लिहावे, ‘आपला विश्वासू’ कोठे यावे, याचे गुण असत. नोकरी देणारा कोण, त्याची कचेरी कोठे, करारात काय लिहिले आहे आणि मुख्य म्हणजे काय लिहिलेले नाही, हे तपासण्याचा धडा आम्ही एकाही वर्गाला दिला नाही. अभ्यासक्रमात तो नव्हता, ही सबब आहे. ती पुरेशी नाही. परदेशी पाठविणाऱ्या दलालाची सरकारदरबारी नोंद असावी लागते आणि त्याला ३० हजार रुपये व त्यावरील कर याहून अधिक शुल्क घेता येत नाही, ही साधी गोष्टही आपल्या महाविद्यालयांतून कोणी सांगत असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

परदेशगमनाच्या नव्या कायद्याचा मसुदा केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये लोकांपुढे ठेवला. त्या निमित्ताने मॅट्रिकची ही जुनी रेघ पुसली जावी. मनुष्यव्यापाराच्या कायद्यात जबरीच्या गुन्हेगारीचा नावानिशी समावेश व्हावा आणि ३२ व्या कलमाला या पीडितांपुरता अपवाद जोडला जावा. या मागण्या दिल्लीकडे आहेत आणि दिल्लीचे पाऊल सावकाश पडते. पण एक गोष्ट दिल्लीवाचून होण्यासारखी आहे. मुलगा बँकॉकला गेला, दहा दिवस बोलला, मग रात्री चोरून दोन वाक्ये बोलला आणि मोबाइल बंद झाला, अशी तक्रार घेऊन बाप ठाण्यावर येतो तेव्हा अंमलदार पहिला प्रश्न ‘स्वतःहून गेला ना?’ असा विचारतो आणि मुलगा सज्ञान आहे म्हणून तक्रार बाजूला ठेवतो. राज्याच्या पोलीस महासंचालकांनी एक परिपत्रक काढून तो प्रश्न बदलावा. तिकीट कोणी काढले, पैसे कोणाच्या खात्यावर भरले, जाहिरात कोठे पाहिली, शेवटचे बोलणे झाले तेव्हा पासपोर्ट कोणाजवळ होता, या चार गोष्टी त्याच दिवशी लिहून घ्याव्यात आणि मनुष्यव्यापाराच्या कलमाखाली गुन्हा नोंदवावा. दलाल बहुधा येथलाच असतो, आणि पहिल्या आठवड्यात तो अजून येथेच असतो.